दूर पल्ल्याच्या एल्क-शिकारीसाठी रायफल आणि दुर्बीण कशी निवडावी

अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटाना आणि आयडाहो या डोंगराळ राज्यांत एल्क या मोठ्या हरणाची रायफलने होणारी शिकार मुख्यतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चालते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्नच निकाली काढला असल्यामुळे, तिकडे स्थायिक झालेल्या मराठी माणसाला या विषयाची घरातून आलेली माहिती सहसा नसते. मग तो दुकानदाराच्या सल्ल्यावर आणि हजार यार्डांवरून टिपलेल्या एल्कच्या चित्रफितींवर विसंबतो, आणि न पेलणारी मॅग्नम (जास्त दारूच्या, जोरदार काडतुसाची) रायफल व तिच्यावर किलोभर वजनाची दुर्बीण घेऊन घरी येतो. खरेदीचा क्रम उलटा असायला हवा. आपल्याला खात्रीने नेम साधता येईल असे अंतर आधी ठरवावे, त्या अंतराला पुरेशी गोळी निवडावी, ती गोळी झाडणारी आणि दिवसभर खांद्यावर वाहता येईल अशी रायफल घ्यावी, आणि सर्वांत जास्त विचार दुर्बिणीवर करावा.

पहिली पायरी: स्वतःचे अंतर मोजणे

एल्क हे सांबरापेक्षाही मोठे हरीण आहे. पूर्ण वाढलेला नर साधारण ३०० ते ३५० किलोंचा आणि मादी सव्वादोनशे किलोंच्या आसपास असते. एवढ्या देहातही हृदय आणि फुप्फुसे यांचा जो भाग गोळीने नक्की गाठला पाहिजे तो फार मोठा नसतो. खांद्यामागचे सुमारे १० इंच व्यासाचे वर्तुळ हे हिशेबासाठी सुरक्षित माप समजावे. प्रत्यक्षात ती जागा याहून थोडी मोठी असते, पण ती शिल्लक जनावराच्या तिरक्या उभे राहण्यासाठी आणि आपल्या धापेसाठी राखून ठेवावी.

नेमबाजीच्या रेंजवर जाऊन, बाकावर वाळूच्या पिशव्या न ठेवता, पाठीवरच्या पिशवीवर रायफल टेकवून, बसून आणि पालथे पडून अशा दोन्ही स्थितींत, थोडे धावून आल्यानंतर, १० इंचांच्या कागदी बशीवर गोळ्या झाडाव्यात. ज्या अंतरावर दहापैकी दहा गोळ्या बशीत बसतात ते आपले अंतर होय. नऊ बसल्या तर ते अंतर आपले नाही, कारण चुकलेली दहावी गोळी शिकारीत पोटात किंवा पायात लागते आणि जखमी एल्क डोंगर ओलांडून निघून जाते. बाकावरून सर्व गोळ्या एका इंचाच्या गटात बसवणाऱ्या पुष्कळ नेमबाजांचे हे अंतर २५० ते ३५० यार्डांत भरते. एक यार्ड म्हणजे ०.९१ मीटर, त्यामुळे अंतराची नुसती कल्पना येण्यासाठी यार्ड आणि मीटर जवळजवळ सारखे धरले तरी चालते, नेमाच्या हिशेबात मात्र नाही.

अंतराला आणखी एक मर्यादा आहे आणि ती सरावानेही ओलांडता येत नाही. सेकंदाला ३००० फूट वेगाने निघालेल्या चांगल्या गोळीलाही ५०० यार्डांवर पोहोचायला सुमारे ०.५७ सेकंद लागतात. चरत चरत चालणारे एल्क तेवढ्या वेळात दोन-अडीच फूट पुढे सरकू शकते. ट्रिगर दाबताना उभे असलेले जनावर गोळी पोहोचेपर्यंत एक पाऊल टाकेल की नाही हे कोणत्याही दुर्बिणीतून कळत नाही. म्हणून प्रस्तुत लेखात ५०० यार्ड ही वरची मर्यादा मानली आहे, आणि पुढील सर्व शिफारशी तिला धरून आहेत. त्यापलीकडे लोखंडी पाटीवर हौसेने गोळ्या झाडाव्यात. ज्याला ५०० यार्ड फार वाटतात त्याने ३०० धरून हाच लेख वाचावा, त्याचा खर्चही कमी होईल.

दुसरी पायरी: कायद्याची चौकट

पैसे देण्यापूर्वी ज्या राज्यात शिकार करायची त्याचे त्या वर्षीचे नियमपुस्तक वाचावे. कोलोरॅडोत एल्कसाठी गोळीचा व्यास किमान .२४ इंच, वजन किमान ८५ ग्रेन (गोळीचे वजन मोजण्याचे एकक) आणि १०० यार्डांवरील ऊर्जा किमान १००० फूट-पाउंड असावी लागते, आणि गोळी आदळल्यावर फुलणारी असणे बंधनकारक आहे. आयडाहोत रायफलच्या वजनावर १६ पाउंडांची कमाल मर्यादा आहे, तर मोंटानात व्यासाची अट नाही. दुर्बिणीच्या दृष्टीने कोलोरॅडोचा एक नियम विशेष महत्त्वाचा आहे. आतच संगणक बसवलेली आणि कुठे नेम धरावा हे स्वतः दाखवणारी दुर्बीण लावलेली रायफल तेथे शिकारीत चालत नाही. अशा महागड्या दुर्बिणी दुकानात सर्रास मिळतात, आणि विक्रेता हे सांगेलच असे नाही.

मराठी वाचकांपैकी अनेकांना लागू होणारी बाब व्हिसाची आहे. एच-१बी सारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसे विकत घेणेच नव्हे, तर जवळ बाळगणेही मना आहे. अमेरिकेतील एखाद्या राज्याचा वैध शिकार-परवाना हा या बंदीला असलेला मुख्य अपवाद आहे आणि परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो. मित्राची रायफल रेंजवर हाताळणे हीदेखील जवळ बाळगण्याच्या व्याख्येत येऊ शकते, हे लक्षात ठेवून आधी परवाना काढावा आणि शंका असल्यास व्हिसाचे काम पाहणाऱ्या वकिलाला विचारावे. ग्रीन कार्डधारकांना ही संघीय अडचण नाही. राज्याचे नियम मात्र सर्वांनाच लागू होतात. उदाहरणार्थ न्यू जर्सीत रायफल विकत घेण्यासाठी वेगळे ओळखपत्र काढावे लागते. कोलोरॅडोचा परवाना मिळवण्यासाठी १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा दाखला लागतो, त्यामुळे तो अभ्यासक्रम रायफलच्याही आधी उरकावा.

तिसरी पायरी: काडतूस

एल्कसाठी कोणते काडतूस योग्य, यावर शिकाऱ्यांच्या तळावर रात्र रात्र वाद रंगतात, पण ५०० यार्डांच्या मर्यादेत हा वाद वाटतो तेवढा खोल नाही. जुन्या पिढीचा संकेत असा की एल्कवर आदळताना गोळीत १५०० फूट-पाउंड ऊर्जा उरलेली असावी. या आकड्यामागे शास्त्र कमी आणि सवय जास्त आहे, तरी काडतुसांची तुलना करायला तो सोयीचा आहे. त्याहून महत्त्वाचा आकडा आदळतानाच्या वेगाचा असतो, कारण शिकारीच्या बहुतेक गोळ्या भरवशाने फुलण्यासाठी सेकंदाला निदान १८०० फूट, आणि शुद्ध तांब्याच्या गोळ्यांना २००० फुटांच्या जवळपास वेग लागतो.

६.५ क्रीडमूर हे २००७ सालचे काडतूस अचूक आणि खांद्याला सौम्य आहे. १४३ ग्रेनची गोळी २७०० फुटांनी निघाली तर ४०० यार्डांच्या सुमारास तिची ऊर्जा १५०० च्या खाली उतरते. ज्याचे अंतर ३०० यार्ड भरले त्याला ते पुरते, पण नेम अगदी नेमका हवा. .३०-०६ स्प्रिंगफील्ड हे १९०६ पासून चालत आलेले काडतूस १७८ ग्रेनच्या गोळीसह ५०० यार्ड आरामात गाठते, आणि डोंगरातल्या लहान गावच्या दुकानातही त्याची पेटी मिळण्याची शक्यता जास्त असते. ७ मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम हे १९६२ चे आणि .३०० विंचेस्टर मॅग्नम हे १९६३ चे. ही दोन काडतुसे एल्कच्या प्रदेशात आजही सर्वाधिक दिसणाऱ्यांपैकी आहेत. २०२२ मध्ये आलेल्या ७ मिलिमीटर पीआरसीची रचना सुरुवातीपासूनच लांब, निमुळत्या आणि जड गोळ्यांसाठी झाली आहे. १७५ ग्रेनची तिची गोळी ३००० फुटांनी निघते आणि ७०० यार्डांपलीकडेही १५०० फूट-पाउंड टिकवते.

मग सगळ्यांनी मॅग्नमच का घेऊ नये? याचे उत्तर मागच्या धक्क्यात आहे. दुर्बिणीसकट साडेआठ पाउंड वजनाची रायफल धरली तर धक्क्याची ऊर्जा ६.५ क्रीडमूरला अंदाजे १२ फूट-पाउंड, .३०-०६ ला २०, ७ मिलिमीटर पीआरसीला २६ आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमला ३० च्या वर जाते. विसाच्या वर गेलेला धक्का नवख्या माणसाला सोसत नाही. तो ट्रिगर दाबण्याआधीच डोळे मिटून खांदा आकसतो, सरावाची पेटी अर्धी राहिली तरी घरी जाण्याचे निमित्त शोधतो, आणि रायफलची सारी क्षमता त्याच्या हाताशी येऊन संपते. ज्याने यापूर्वी कधी रायफल वापरलेली नाही त्याने .३०-०६ किंवा .३०८ विंचेस्टर घ्यावे, ज्याचा हात बसलेला आहे आणि ज्याचे अंतर खरोखर ४५०-५०० यार्ड भरते त्याने ७ मिलिमीटर गटातले काडतूस घ्यावे, हे माझे मत. .३०० विंचेस्टर मॅग्नम वाईट नाही, पण एल्क-शिकारीत ५०० यार्डांच्या आत जे काम ७ मिलिमीटर करू शकत नाही असे कोणतेही काम ते करत नाही.

नळीच्या तोंडाशी बसवलेला मझल ब्रेक धक्का बराच कमी करतो, पण त्याचा आवाज कानांना आणि शेजारच्या माणसाला असह्य होतो, आणि शिकारीच्या घाईत कानाचे संरक्षण चढवायला वेळ मिळत नाही. सप्रेसर, म्हणजे नळीच्या तोंडाशी लावायचा आवाज दाबणारा जोड, हा अधिक सभ्य मार्ग आहे. पश्चिमेकडील बहुतेक राज्यांत तो शिकारीत चालतो, मात्र त्यासाठी संघीय नोंदणी करावी लागते. सप्रेसर लावायचा असेल तर नळी २०-२२ इंचांचीच घ्यावी, नाहीतर झाडीत रायफल वळवताच येत नाही.

चौथी पायरी: गोळी

काडतुसाच्या नावापेक्षा त्यातली गोळी जास्त महत्त्वाची असते. एल्कचा खांदा जाड हाडाचा असल्याने, ५० यार्डांवर पूर्ण वेगाने आदळली तरी फुटून न जाणारी आणि ५०० यार्डांवर मंदावल्यावरही फुलणारी अशी गोळी हवी, आणि या दोन अपेक्षा एकमेकींच्या विरुद्ध जातात. नॉस्लर पार्टिशन ही १९४८ पासूनची गोळी जवळच्या अंतरावर अजूनही उत्तम आहे, पण तिचा आकार हवेला फारसा अनुकूल नाही. नॉस्लर अॅक्युबाँड आणि फेडरलची टर्मिनल असेंट या शिसे तांब्याच्या आवरणाशी जोडून बनवलेल्या गोळ्या दोन्ही अपेक्षांचा बरा मेळ घालतात. हॉर्नडीची ईएलडी-एक्स दूरवर छान उघडते, मात्र अगदी जवळून खांद्याच्या हाडावर मारायची झाल्यास मी ती टाळेन. बार्न्स एलआरएक्ससारख्या शुद्ध तांब्याच्या गोळ्या हाडातून आरपार जातात आणि मांसात शिशाचे कण सोडत नाहीत. मांस घरी मुलाबाळांनी खायचे असते, त्यामुळे हा मुद्दा किरकोळ नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिसेविरहित गोळीच वापरावी लागते, आणि ग्रँड टीटन राष्ट्रीय उद्यानातील एल्क-नियंत्रणाच्या कार्यक्रमातही तीच अट आहे. तांब्याची गोळी निवडल्यास वेगाची वरची अट लक्षात घेऊन आपले कमाल अंतर थोडे आखडते घ्यावे.

पाचवी पायरी: रायफल

बोल्ट-अॅक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने दांडा मागे-पुढे करून पुढचे काडतूस भरायची, रायफलच घ्यावी. टिका टी३एक्स, बर्गारा बी-१४, ब्राउनिंग एक्स-बोल्ट, सॅव्हेज ११०, विंचेस्टर मॉडेल ७०, रेमिंग्टन ७०० आणि वेदरबी व्हॅनगार्ड यांपैकी कोणतीही रायफल आज ५०० यार्डांसाठी पुरेशी अचूक असते. चांगल्या फॅक्टरी काडतुसांनी १०० यार्डांवर पाच गोळ्यांचा गट सव्वा-दीड इंचात आला की ५०० यार्डांवर तो सव्वासहा ते साडेसात इंचांत बसतो. अर्ध्या इंचाच्या हमीसाठी दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही, कारण उरलेली चूक वाऱ्याची आणि नेमबाजाची असते. आणि हमी पाहताना ती तीन गोळ्यांची आहे की पाचांची, हे बघावे.

खरे लक्ष चार गोष्टींकडे द्यावे. पहिली गोष्ट नळीतल्या आट्यांची, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या पीळदार खाचांची. लांब गोळी स्थिर राहण्यासाठी नळीतील आटे पुरेसे जलद हवेत. ७ मिलिमीटर पीआरसीत आठ इंचांत एक फेरा असा आटा मिळतो, पण जुन्या ७ मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम रायफलींत तो नऊ ते साडेनऊ इंचांत एक असतो आणि १७५ ग्रेनच्या नव्या सडपातळ गोळ्या त्यात नीट चालतीलच असे नाही. वापरलेली रायफल घेताना हा प्रश्न हमखास विचारावा.

दुसरी गोष्ट वजनाची. शिकार ८,००० ते १०,००० फूट उंचीवर चालते आणि दिवसाला कित्येक मैलांची चढ-उतार होते. दुर्बीण, पट्टा आणि काडतुसांसकट रायफल साडेआठ ते साडेनऊ पाउंडांत बसवावी. सहा पाउंडांची हलकी पहाडी रायफल वाहायला सुखद असते, पण मॅग्नम काडतुसात ती खांदा सोलून काढते आणि धापा टाकताना स्थिरही राहत नाही. बारा पाउंडांची स्पर्धेची रायफल दगडासारखी स्थिर राहते आणि दुपारनंतर तंबूतच राहते. कार्बन फायबर गुंडाळलेल्या नळ्या वजन वाचवतात, पण पहिल्याच रायफलला त्यांची गरज नाही.

तिसरी गोष्ट दस्त्याची. गाल दस्त्यावर टेकताच डोळा आपोआप दुर्बिणीच्या मध्यावर आला पाहिजे, म्हणून गालाची उंची कमी-जास्त करता येणारा दस्ता उत्तम. निदान खांद्यापासून ट्रिगरपर्यंतची लांबी आपल्या हाताला जुळते का, हे जाड कोट घालून पाहावे. मराठी माणसाची सरासरी चण अमेरिकन दस्त्यांच्या मानाने लहान असते, त्यामुळे अर्धा-पाऊण इंच लांबी कमी करून घ्यावी लागण्याची शक्यता बरीच असते. बंदूक-कारागीर हे काम थोडक्यात करून देतो. चौथी गोष्ट ट्रिगर आणि सेफ्टीची. ट्रिगर अडीच ते तीन पाउंडांत स्वच्छ सुटावा आणि सेफ्टी हातमोज्यांसह, आवाज न करता हलवता यावी.

सहावी पायरी: दुर्बीण

पैशाचा ताण असेल तर रायफल साधी घ्यावी आणि दुर्बीण चांगली घ्यावी. रायफलइतकीच किंमत दुर्बिणीवर खर्च करण्याचा जुना संकेत मला पटतो. दूर पल्ल्याच्या दुर्बिणीकडून पहिली अपेक्षा काचेच्या लखलखाटाची नसून यंत्रणेच्या प्रामाणिकपणाची आहे. टरेट, म्हणजे नेम वर-खाली किंवा बाजूला सरकवणारे दुर्बिणीवरचे बटण, जेवढे फिरवले तेवढाच नेम सरकावा, परत फिरवल्यावर तो मूळ जागी यावा, आणि ट्रकमधून धक्के खाऊनही झीरो, म्हणजे ठरावीक अंतरावर नेम आणि गोळी यांचा जुळवलेला मेळ, हलू नये. उजळ चित्र दाखवणारी पण झीरो हरवणारी दुर्बीण एल्कच्या शिकारीत कुचकामी ठरते.

टरेटचा हिशेब एका उदाहरणाने समजून घ्यावा. ७ मिलिमीटर पीआरसीची १७५ ग्रेनची गोळी २०० यार्डांवर झीरो केली, तर ३०० यार्डांवर ती सुमारे ६ इंच, ४०० वर १७ इंच आणि ५०० वर ३४ इंच खाली जाते. एमओए या कोनाच्या मापात १०० यार्डांवर एक एकक म्हणजे १.०४७ इंच, म्हणून ५०० यार्डांसाठी साडेसहा एमओए, म्हणजे पाव एमओएच्या टरेटवर २६ क्लिक (टरेटचे टप्पे) फिरवावे लागतात. मिल या मापात (१०० यार्डांवर ३.६ इंच) तेच अंतर १.९ मिल, म्हणजे ०.१ मिलच्या टरेटवर १९ क्लिक. दोन्ही पद्धती सारख्याच चांगल्या आहेत. आपण मेट्रिक पद्धतीत वाढलो असल्याने आणि मिलचे आकडे लहान व लक्षात राहणारे असल्याने मी मिलला झुकते माप देईन, पण सोबतचा शिकारी ज्या मापात बोलतो तेच माप घेणे अधिक शहाणपणाचे. टरेट आणि रेटिकल (दुर्बिणीत दिसणाऱ्या नेमाच्या रेघा) दोन्ही एकाच मापातले असलेच पाहिजेत. जुन्या काही दुर्बिणींत रेटिकल मिलचे आणि टरेट एमओएचे असते. अशी दुर्बीण स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये.

टरेटला झीरो-स्टॉप हवा, म्हणजे अंधारात, गडबडीत, पूर्ण मागे फिरवले की ते झीरोवरच थांबते. ते चुकून फिरू नये म्हणून कुलूप किंवा झाकणही हवे, कारण पाठीवरच्या पिशवीला घासून नेमके उंचीचे टरेट फिरते. वाऱ्याचे, म्हणजे बाजूचे टरेट मात्र झाकलेलेच असावे. वारा सतत बदलत असल्याने तो टरेटवर फिरवून घेण्यापेक्षा रेटिकलवरील खुणांनी धरणे बरे.

मोठेपणाच्या बाबतीत २५ पटींचा मोह आवरावा. ३ ते १५ पट ही मर्यादा एल्कच्या शिकारीला जवळजवळ आदर्श आहे. दाट झाडीत ४० यार्डांवर अचानक एल्क उभे राहिले तर तीन पटींवर ते सापडते, पाच-सहा पटींवर नुसते तपकिरी केस दिसतात. ५०० यार्डांवर १५ पट पुरतात. उजेडाचे गणितही याच बाजूने आहे. समोरच्या भिंगाचा व्यास भागिले पटी इतक्या मिलिमीटरचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. ४४ मिलिमीटरच्या भिंगात आठ पटींवर हा झोत साडेपाच मिलिमीटरचा, तर १५ पटींवर तीन मिलिमीटरहून कमी होतो. कोलोरॅडोत सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार करता येते आणि एल्क नेमके त्याच दोन संधिप्रकाशांत उघड्यावर येते, तेव्हा पटी कमी करूनच नेम धरावा लागतो. ५६ मिलिमीटरचे भिंग थोडा प्रकाश जास्त देते, पण दुर्बीण उंच बसवावी लागते आणि वजन वाढते. ४२ ते ४४ मिलिमीटर पुरेसे आहे.

व्होर्टेक्स रेझर एचडी एलएचटी ३-१५x४२ आणि ल्युपोल्ड व्हीएक्स-५एचडी ३-१५x४४ या दोन्ही दुर्बिणी वीस औंसांच्या आत राहतात. नाइटफोर्सची एटीएसीआर ५-२५x५६ यांच्या जवळजवळ दुप्पट वजनाची आहे. ती यंत्र म्हणून भक्कम आहे, पण तिचे माहेर स्पर्धेचे मैदान आहे. झाइस कॉन्क्वेस्ट व्ही४ ४-१६x४४ हाही विश्वासार्ह पर्याय मानता येतो, मात्र तिच्या चार पटींचा झाडीतला तोटा गृहीत धरावा.

फर्स्ट फोकल प्लेन घ्यावे की सेकंड, या प्रश्नाला लोक गरजेपेक्षा जास्त महत्त्व देतात. फर्स्ट फोकल प्लेनमध्ये पटी बदलल्या की रेटिकलही मोठे-लहान होते, त्यामुळे त्यावरील खुणा कोणत्याही पटीला खऱ्या असतात, पण तीन पटींवर ते इतके बारीक होते की झाडीच्या सावलीत दिसेनासे होते. सेकंड फोकल प्लेनमध्ये रेटिकल नेहमी ठसठशीत दिसते, पण त्यावरील खुणा एका ठरावीक पटीलाच, बहुधा सर्वांत मोठ्या, बरोबर असतात. एल्कच्या शिकारीत जवळची गोळी घाईची असते आणि तेव्हा खुणांची गरज नसते. दूरची गोळी सावकाशीची असते आणि तेव्हा पटी पूर्ण वाढवायला वेळ मिळतो. म्हणून मी साध्या, वाऱ्याच्या मोजक्या खुणा असलेल्या सेकंड फोकल प्लेनला पसंती देईन. मध्यबिंदू उजळणारे रेटिकल असेल तर तीन-चारशे डॉलर जादा देण्याची तयारी ठेवावी. पॅरॅलॅक्स जुळवण्याची सोय ५०० यार्डांसाठी असायलाच हवी, कारण ती नसल्यास डोळा जरा हलला तरी नेम सरकल्यासारखा दिसतो.

दुर्बीण रायफलवर बसवणाऱ्या कड्या आणि बैठक यांत काटकसर करू नये. चांगल्या दुर्बिणीचा झीरो बहुतेक वेळा स्वस्त कड्यांमुळे हरवतो. स्क्रू अंदाजाने न आवळता टॉर्क रेंचने, कडी बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यावर, जो बहुधा १५ ते १८ इंच-पाउंडांत असतो, आवळावेत. दुर्बिणीची आडवी रेघ आणि रायफल एका पातळीत नसली की दूरवर गोळी बाजूला जाते, म्हणून छोटा स्पिरिट लेव्हल लावून जुळवणी करावी.

सातवी पायरी: झीरो, मोजमाप आणि खात्री

झीरो २०० यार्डांवर करावा. वरील ७ मिलिमीटर पीआरसीच्या गोळीला २७५ यार्डांपर्यंत टरेटला हात न लावता थेट खांद्यामागे नेम धरता येतो, आणि एल्कवर झाडल्या जाणाऱ्या बहुसंख्य गोळ्या याच अंतरातल्या असतात. त्यानंतर क्रोनोग्राफने आपल्या रायफलमधून गोळी प्रत्यक्ष किती वेगाने निघते ते मोजावे. पेटीवर छापलेला वेग आपल्या नळीचा असेलच असे नाही. तो वेग मोबाइलवरील बॅलिस्टिक अॅपमध्ये घालून तक्ता काढावा आणि ३००, ४०० व ५०० यार्डांवर गोळ्या झाडून तो पडताळावा. पडताळलेला तक्ता कागदावर छापून दस्त्याला चिकटवावा, कारण थंडीत मोबाइलची बॅटरी दगा देते.

दुर्बिणीची परीक्षा १०० यार्डांवर उंच कागद लावून घ्यावी. कागदावर ओळंब्याने सरळ उभी रेघ आखावी, तळाशी नेम धरून गोळी झाडावी, टरेट १० एमओए वर न्यावे आणि त्याच ठिकाणी नेम धरून पुन्हा झाडावी. दुसरी गोळी १०.४७ इंच वर आणि रेघेवरच बसली पाहिजे. मिलच्या टरेटवर ५ मिल फिरवले तर १८ इंच. पाच टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर ती दुर्बीण मुदतीत परत करावी.

समुद्रसपाटीला राहणाऱ्यांनी, उदाहरणार्थ ह्यूस्टन किंवा न्यू जर्सीतल्यांनी, अॅपमध्ये शिकारीच्या जागेचा हवेचा दाब भरण्यास विसरू नये. ९,००० फुटांवर हवा सुमारे चतुर्थांशाने विरळ असल्याने वरील गोळी ५०० यार्डांवर दोनेक इंच कमी पडते, म्हणजे घरच्या तक्त्यापेक्षा वर लागते. चढ-उताराचा परिणाम याहून बराच मोठा आहे. ३० अंशांच्या उतारावर ५०० यार्ड भरले तरी गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने ते ४३३ यार्डच असतात, आणि टरेट ५०० चे लावले तर गोळी आठ-नऊ इंच वर जाते. म्हणून कोन मोजून आडवे अंतर दाखवणारा लेझर रेंजफाइंडर ही चैन नसून आवश्यक वस्तू आहे. अंतराचा अंदाज ३०० च्या आत ५० यार्डांनी चुकला तर गोळी चारेक इंच हलते. ५०० वर तीच चूक आठ-नऊ इंचांची होते आणि गोळी १० इंचांच्या वर्तुळाबाहेर जाते.

वाऱ्याला मात्र असे उपकरण नाही. ताशी १० मैलांचा आडवा वारा वरील गोळीला ३०० यार्डांवर चार इंच, आणि ५०० वर बारा इंच सरकवतो. शिवाय दरीपलीकडचा वारा आपल्या गालावरच्या वाऱ्यासारखा नसतो, तो गवताच्या हालचालीवरून आणि दुर्बिणीत दिसणाऱ्या हवेच्या लहरींवरून ओळखायला शिकावे लागते. ज्या दिवशी वारा ओळखता येत नाही त्या दिवशी स्वतःचे अंतर ३०० वर आणावे.

विमानाने जायचे असेल तर रिकामी रायफल कुलूपबंद, कडक पेटीत घालून विमानतळावर जाहीर करावी लागते आणि ती चेक-इन सामानातच जाते. काडतुसांवर बहुतेक कंपन्यांची ११ पाउंडांची मर्यादा असते. पोहोचल्यावर, तळावर जाण्यापूर्वी, २०० यार्डांवर थंड नळीतून एक गोळी झाडावी. ती जागेवर बसली तर आणखी दोन झाडून थांबावे. दोन इंचांहून जास्त सरकली तर आधी कड्यांचे स्क्रू तपासावेत आणि मगच टरेटला हात लावावा. सैल झालेल्या कडीवर नवा झीरो केल्यास तो दुसऱ्या दिवशी पुन्हा सरकतो. यासाठी काडतुसांची एक पेटी वेगळी राखावी आणि टॉर्क रेंच सामानात ठेवावा.